एक रिपोर्ट म्हणतो कमी, दुसरा म्हणतो जास्त

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मला एकविसावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यात व्हिटॅमिन डी १७ आलं आणि पुढे ‘कमी’ असा शेरा. त्यांनी रोज १,००० युनिटची गोळी लिहून दिली. माझा जीव काही थाऱ्यावर राहीना, म्हणून दहा दिवसांनी आपणहून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतलं. तिथे ११८ आलं, लाल अक्षरात, ‘जास्त’! त्याच कागदावर कॅल्शियम ८.५ आहे आणि त्यापुढे परत ‘कमी’. दहा दिवसांत १७ चे ११८ कसे झाले? गोळीनं इतकं चढलं की काय, या भीतीनं चार दिवसांपासून गोळी बंद ठेवली आहे.

घरात उलटंच चाललंय. नणंद म्हणते, बाळ तुझं सगळं डी शोषून घेतंय, रोजच्या गोळ्यांनी काय होणार, एकदाच मोठा डोस घेऊन टाक. मी रोज अर्धा तास खिडकीपाशी उन्हात बसते, काच लावून, कारण वारा सोसत नाही. माझ्यात डी कमी आहे की जास्त? बाळाची हाडं कच्ची तर राहणार नाहीत ना? दोन्ही रिपोर्टचे फोटो सोबत जोडले आहेत.

– एक वाचक

उत्तर

ताई, गोळी आजच पुन्हा सुरू करा. मग सावकाश पुढचं वाचा.

दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. १७ चे ११८ झालेले नाहीत. पहिल्या कागदावर तपासणीचं नाव आहे ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ आणि आकड्यापुढे नॅनोग्रॅम लिहिलंय. दुसऱ्यावर नाव आहे ‘१,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ आणि आकड्यापुढे पिकोग्रॅम. या दोन नावांत भलेभले फसतात. काउंटरवर नुसतं ‘व्हिटॅमिन डी करायचंय’ म्हटलं, तर यादीतल्या कुठल्या ओळीवर बोट पडेल याचा नेम नसतो. तुमच्या बाबतीत ते चुकीच्या ओळीवर पडलं.

एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम. म्हणजे पहिल्या कागदावरचे १७ दुसऱ्या कागदाच्या मापात १७,००० होतात. आता त्याशेजारी ११८ ठेवून बघा. ज्याला ‘कमी’ म्हटलंय ते ‘जास्त’ म्हटलेल्याच्या सुमारे १४४ पट आहे! दोन्ही कागद खरे आहेत, फक्त त्यांनी मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. सोयीसाठी पहिल्याला साठ्यातलं डी म्हणू आणि दुसऱ्याला कामाचं डी.

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतला एक पदार्थ असतो. उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक वलय उघडतं, आणि पुढे अंगाच्या उबेनं हळूहळू त्याचं डी३ बनतं. तुमच्या गोळीत हेच डी३ आयतं असतं. ते यकृतात गेलं की त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटते, आणि तयार होतं साठ्यातलं डी. रक्तातल्या एका वाहक प्रथिनाच्या पाठीवर बसून ते अंगभर फिरतं आणि निम्मं व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. यकृत फार चोखंदळ नसतं, येईल तेवढं बहुतेक बदलून टाकतं. म्हणून ऊन, आहार आणि गोळी मिळून तुमच्या पदरात किती डी पडलं याचा हिशोब याच आकड्यात दिसतो. चार दिवस गोळी चुकली तर हा आकडा फार तर एखाद-दोन अंकांनी हलेल, त्याची काळजी सोडा.

कामाचं डी बनतं मूत्रपिंडात. साठ्यातल्या डीला तिथे आणखी एक जोडी चिकटते आणि जे तयार होतं त्याला जीवनसत्त्व म्हणणंही खरं तर बरोबर नाही, ते चक्क संप्रेरक आहे. आतड्याला ‘कॅल्शियम ओढ’ म्हणून सांगणं हे त्याचं मुख्य काम. ते काही तासांतच निम्मं होतं, त्यामुळे शरीर ते गरजेपुरतं, मोजून बनवतं. कॅल्शियम जरा उतरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला कामाला लावतात. पुरे झालं की हाडांकडून येणारं दुसरं एक संप्रेरक काम थांबवतं. शिवाय दोन्ही प्रकारच्या डीला मोडीत काढणारं एक एन्झाइम असतं, त्याचं नाव सीवायपी२४ए१. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा, पुढे दोनदा त्याची गाठ पडणार आहे.

या व्यवस्थेमुळे एक गंमत होते. एरवीसुद्धा, म्हणजे गरोदर नसताना, साठा कमी झाला की पॅराथायरॉइड मूत्रपिंडाच्या मागे लागते आणि कामाचं डी व्यवस्थित, कधी तर नेहमीपेक्षा चढंच निघतं. कोठार अर्धं रिकामं झालं तरी जेवणाची पंगत वेळेवर उठते तसं! म्हणून डीची कमतरता शोधायला दुसरी तपासणी कधीच वापरायची नसते. मूत्रपिंडाचे काही विकार, किंवा कारण न सापडता चढलेलं कॅल्शियम, अशा मोजक्या वेळी तिचा उपयोग. तुम्हाला तिची गरज नव्हती.

पण झालीच आहे तर एका परीनं बरं झालं. गरोदरपणात शरीर डीचं काय करतं ते तुमच्या ११८ मध्ये अगदी स्वच्छ दिसतंय.

दिवस गेले की हा सगळा कायदाच बदलतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाचं डी दुपटीच्या घरात गेलेलं असतं आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत ते दुप्पट-तिप्पट पातळीवर असतं. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची पट्टी मात्र गरोदर नसलेल्या माणसांची. गरोदर स्त्रियांसाठी जे वेगळे संदर्भ-तक्ते आहेत, त्यांत दुसऱ्या तिमाहीला ७२ ते १६० पिकोग्रॅम असा पल्ला दिलेला आढळतो. त्यात ११८ मधोमध बसतं. लाल शाई छापणाऱ्या यंत्राला तुम्ही पोटुशी आहात हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या कॅल्शियमचंही तेच. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. गरोदरपणात रक्ताचा पाण्यासारखा भाग वाढतो, अल्ब्युमिन विरळ होतं आणि एकूण कॅल्शियमचा आकडा खाली येतो. जे मोकळं कॅल्शियम स्नायू आणि नसा वापरतात, ते जागच्या जागी असतं. दुसऱ्या तिमाहीत ८.५ हे नेहमीचंच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना अल्ब्युमिनसोबत तो आकडा दाखवा, म्हणजे विषय संपला.

आता मला स्वतःला यातला जो भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो, तो सांगते. कामाचं डी दुप्पट झालं, तर ते वाढवण्याचा हुकूम कुणाचा? एरवी हुकूम पॅराथायरॉइडचा असतो. पण पोटभर कॅल्शियम खाणाऱ्या गरोदर बाईत पॅराथायरॉइडचं संप्रेरक उलट खाली, कधी नॉर्मलच्या तळाशी गेलेलं असतं. म्हणजे मालक सुट्टीवर आणि कारखाना दुप्पट जोरात! बरीच वर्षं वाटायचं की हे जादा डी वार (प्लासेंटा) बनवत असणार. वारेत आणि गर्भाशयाच्या अस्तरात ते बनवायचं एन्झाइम आहे हे खरं. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्या स्त्रीला दिवस गेले तेव्हा तिच्या रक्तात कामाचं डी कमीच राहिलेलं दिसलं, वार जागेवर असूनही. म्हणजे रक्तात दिसणारी वाढ मुख्यतः आईच्या मूत्रपिंडाची. त्याला चेतवणाऱ्यांत संशयित बरेच आहेत: वारेतून आणि स्तनांतून येणारं पॅराथायरॉइडसारखंच एक प्रथिन, प्रोलॅक्टिन, वारेचं लॅक्टोजेन, इस्ट्रोजेन. बहुधा सगळे मिळूनच ढकलत असावेत.

मग वार जे बनवते ते जातं कुठे? ते तिथल्या तिथे वापरलं जातं. आणि इथे सीवायपी२४ए१ची पहिली गाठ पडते. २००९ साली असं दिसून आलं की वारेतल्या पेशींमध्ये या मोडीत काढणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाला जणू कुलूप घातलेलं असतं. त्या जनुकावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक ठिपके चिकटतात आणि ते गप्प बसतं. इतर अवयवांत तसं सहसा दिसत नाही. म्हणजे आई आणि बाळ यांच्या हद्दीवर डी बनतं, पण लवकर मोडत नाही. तिथे त्याचं काम हाडांचं नसून बहुधा समेटाचं आहे. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीनं अर्धं परकं. त्याला बिनतक्रार आत राहू द्यायला या डीची मदत होते असं बरेच संशोधक मानतात.

हे मानायला एक कारण वेळेचंही आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या हाडांत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं चार-पंचमांश शेवटच्या तिमाहीत भरलं जातं, अगदी शेवटी रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम या वेगानं. बाराव्या आठवड्यात बाळ असतं जेमतेम अंगठ्याएवढं. त्याला कॅल्शियम लागतं ते नखभर. तरी आईचं आतडं तेव्हापासूनच दुपटीनं कॅल्शियम ओढायला लागतं. घरात लग्न सहा महिन्यांवर असताना आत्तापासून डबे भरून ठेवणाऱ्या बाईसारखं! त्यातलं काही आईच्या हाडांत जमा होत असावं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून गरोदरपणात लघवीतलं कॅल्शियम वाढलेलं असतं. कुणाला मुतखड्याचा पूर्वेतिहास असेल तर या काळात पाणी भरपूर प्यावं ते यासाठी.

तर आता तुमच्या नणंदबाईंच्या मुद्द्याकडे येऊ: बाळ सगळं डी शोषून घेतंय का?

नाही. वारेतून बाळाकडे जातं ते साठ्यातलं डी. कामाचं डी सहजासहजी पलीकडे जात नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तात साठ्यातल्या डीची पातळी आईच्या साधारण ६० ते ८० टक्के असते. आईचं १७ असेल तर बाळाचं १० ते १४ च्या घरात. पण बाळाच्या अंगात रक्त ते किती! आईच्या साठ्यातून जाणारा वाटा छोटाच. ज्यांना गोळी दिलेली नाही अशा स्त्रियांतही नऊ महिन्यांत साठ्याची पातळी साधारण जिथल्या तिथे राहते, ऋतूप्रमाणे वर-खाली होते तेवढीच. आणि कामाचं डी दुप्पट झालं तरी ते मुळात साठ्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या मापात मोजायचं असतं. कोठार त्यानं रिकामं होत नाही. ‘गरोदर राहिले म्हणून माझं डी कमी झालं’ असं जे सारखं ऐकू येतं ते बहुतेक वेळा उलटं असतं. डी आधीपासूनच कमी असतं, तपासणी मात्र गरोदरपणात पहिल्यांदा होते.

हाडांबद्दलची तुमची भीती मला समजते. पण बाळाची हाडं पोटात कशी भरतात ते पाहिलंत तर तुम्हालाही आश्चर्य वाटेल. वार कॅल्शियम नुसतं झिरपू देत नाही, पंपानं उपसावं तसं ते पलीकडे चढवते, इतकं की बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईपेक्षा जास्त असतं. या कामाला बाळाला स्वतःच्या कामाच्या डीची फारशी गरज लागत नाही. पोटात असताना त्याची पातळी कमीच असते, कारण बाळाची मूत्रपिंडं अजून निवांत आणि त्याचं आतडं बेकार. त्यामुळे आईचं डी बऱ्यापैकी कमी असलं तरी बाळ सहसा नीट भरलेली हाडं घेऊनच जन्माला येतं.

खरी परीक्षा नाळ कापल्यावर. पंप एका क्षणात बंद. आता कॅल्शियम यायचं ते फक्त दुधातून, बाळाच्या आतड्यातून, आणि पुढच्या काही आठवड्यांत हे आतडं हळूहळू डीवर अवलंबून राहू लागतं. त्या वेळी हाताशी असतं ते आईकडून पोटात मिळालेलं साठ्यातलं डी, आणि ते दोन-तीन आठवड्यांत निम्मं होत जाणारं. आईच्या दुधात बाकी बहुतेक सगळं असतं, डी मात्र फारच थोडं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच रोज ४०० युनिट डीचे थेंब सुरू करतात. तुमच्या आजच्या गोळीचा बाळाला होणारा खरा फायदा हा: जाताना शिदोरी थोडी बरी. जिथे आईची पातळी अगदी तळाला गेलेली असते आणि थेंबही दिले जात नाहीत, तिथे नवजात बाळाचं कॅल्शियम घसरून झटके येणं, पुढे काही महिन्यांनी मुडदूस होणं, असं घडू शकतं. तुमचं १७ त्या तळाचं नाही.

ते नेमकं कुठलं आहे? १२ नॅनोग्रॅमच्या खाली खरी कमतरता, याबद्दल फारसा वाद नाही. वरच्या रेषेवरून मात्र तज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपलेली आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१० च्या अहवालात २० ला पुरेसं म्हटलं. ‘पुरेसं’ म्हणजे जवळजवळ सगळ्यांची गरज भागेल इतकं, त्यामुळे २० च्या किंचित खाली असलेल्या बऱ्याच जणांचं व्यवस्थित चाललेलं असतं. ती पास-नापासाची रेघ नव्हे, लोक मात्र ती तशीच वाचतात. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेनं २०११ मध्ये ३० हवं म्हटलं, आणि २०२४ मध्ये स्वतःच तो आकडा मागे घेतला. मधल्या तेरा वर्षांत २४-२५ डी असलेल्या किती धडधाकट माणसांच्या रिपोर्टवर ‘अपुरं’ उमटलं असेल, देव जाणे. (कधी कागदावर नॅनोमोल हे माप दिसलं तर त्याला अडीचनं भागा. तुमचे १७ त्या मापात ४२.५ होतात. मापाच्या या फरकामुळे घाबरून येणारे वेगळेच!) तर तुमचं डी कमी आहे, भरून काढण्याजोगं आहे, घाबरण्याजोगं नाही.

गोळीच्या मात्रेबद्दलही एकवाक्यता नाही. गरोदरपणात रोज ६०० युनिट मिळावं ही इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची शिफारस, वरची मर्यादा ४,०००. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं की सरसकट सगळ्या गरोदर स्त्रियांना देण्याची गरज नाही, कमतरतेची शंका असेल तिथे २०० युनिट द्यावं. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनं गरोदर स्त्रियांना डी द्यावं असं सुचवलं. गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वेळेआधीची प्रसूती यांचा धोका त्यानं कमी होण्याची शक्यता त्यांनी गृहीत धरली आहे. मात्र सगळ्यांची पातळी तपासत बसू नका असंही त्याच संस्थेनं सांगितलं. तुमची १,००० ची गोळी या सगळ्या वादाच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

नेमक्या याच मात्रेचा एक मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. हजारावर स्त्रियांना चौदाव्या आठवड्यापासून रोज १,००० युनिट किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. जन्मलेल्या बाळांच्या हाडांतल्या खनिजात एकंदरीत फरक दिसला नाही. वारेच्या पंपाबद्दल वर लिहिलंय ते आठवलं तर यात नवल नाही. पण हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत, म्हणजे ज्यांच्या आयांना शेवटच्या तिमाहीत ऊन सगळ्यांत कमी मिळालं होतं, त्यांच्यात गोळीवाल्या आयांच्या बाळांची हाडं सरस निघाली. माझ्या मते यातून हेच दिसतं की भांडं रिकामं असेल तिथेच ओतलेलं कामी येतं. तुमचं भांडं अर्धं रिकामं आहे, म्हणून ओता. ज्यांचं भरलेलं आहे त्यांनी ओतत राहण्यात मला हशील दिसत नाही.

आता मोठ्या डोसाचं. काही डॉक्टर आठवड्याची मोठी मात्रा देतात, तीही देखरेखीखाली चालते. पण एक गोळी चालू असताना वर आपल्या मनानं दुसरा डोस चढवणं नको. एकदम मोठा लोंढा आला की शरीर गडबडून मोडीत काढणारं एन्झाइम वाढवतं, म्हणजे दिलेल्यातलं बरंचसं वाया. रोजची छोटी मात्रा शरीराला सोसते आणि डी३ही रक्तात टिकून राहतं.

आणि इथे सीवायपी२४ए१ची दुसरी गाठ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बाळांच्या आहारात डी मुक्त हस्तानं घातलं जायचं. १९५० च्या दशकात काही बाळांचं रक्तातलं कॅल्शियम भयंकर चढलं. काहीच बाळांचं का, याचा उलगडा व्हायला २०११ उजाडलं. अशा बाळांपैकी काहींमध्ये हे मोडीत काढणारं एन्झाइम जन्मतःच सदोष असतं हे तेव्हा सापडलं. अशा मुली मोठ्या होतात, कधीच काही त्रास होत नाही, आणि दिवस गेले की कामाचं डी दुप्पट होतं, मोडणारं कुणी नसतं, कॅल्शियम चढतं. हा प्रकार फार दुर्मीळ. तुमचं कॅल्शियम ८.५ आहे, तेव्हा तुम्हाला लागू नाही. पण ज्यांना किंवा ज्यांच्या भावंडांना लहान वयात वारंवार मुतखडे झालेत, त्यांनी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं. चढलेल्या कॅल्शियमची लक्षणं म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. गरोदरपणात यातलं काय होत नाही! म्हणून ते हुकून जातं.

तसंच फिटची औषधं चालू असतील (त्यातली काही डीचं विघटन वाढवतात), पोटाची वजन घटवायची शस्त्रक्रिया झालेली असेल, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वजन बरंच जास्त असेल, तर मात्रेचा हिशोब वेगळा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

खिडकीबद्दल वाईट बातमी. डी बनवणारे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ऊब येते, उजेड येतो, कातडी रापवणारे लांब तरंगलांबीचे किरणही येतात, पण ज्याच्यासाठी बसायचं तेच बाहेर राहतं. रोजच्या अर्ध्या तासात तुमच्या हाती डी शून्य लागलं. उघड्यावर बसायचं तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन हवं. कोवळं ऊन सुखाचं खरं, पण त्यात हे किरण फार थोडे. कातडी सावळी असेल तर वेळ जास्त लागतो, कारण तेच किरण मेलॅनिन अडवतं. उन्हानं डीचा अतिरेक मात्र होत नाही. किरण जास्त पडले की कातडीतला कच्चा माल निरुपयोगी रूपांत बदलतो, निसर्गानं झडपच बसवली आहे. तरी गरोदरपणात भर उन्हात बसून घेरी आणून घेऊ नका, आणि चेहऱ्यावर वांग उठायला लागले असतील तर चेहरा झाका, हातपाय उघडे ठेवा. गोळी चालू असताना उन्हाचा एवढा अट्टहास करायची गरजही नाही.

गोळी जेवणासोबत घ्या, जेवणात थोडा स्निग्धांश असला की ती चांगली भिनते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एका वेळी नको, कॅल्शियम लोहाला अडवतं. डी दोहोंपैकी कशाहीसोबत चालेल. ढोबळ हिशोब असा की रोजच्या १,००० युनिटनं साठा दोन-तीन महिन्यांत ७ ते १० नॅनोग्रॅमनं वाढतो, म्हणजे प्रसूतीपर्यंत तुम्ही पंचविशीच्या आसपास असाल. त्याआधी पुन्हा तपासून काही कळणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंच तर तीन महिन्यांनी, आणि तेव्हा कागदावर ‘२५-हायड्रॉक्सी’ हेच लिहिलेलं असेल असं बघून. कामाचं डी बाळंतपणानंतर काही दिवसांत आपोआप पूर्वपदावर येतं, ते पाहायला परत रक्त देऊ नका.

नणंदबाईंना हा सगळा पसारा वाचून दाखवायची गरज नाही. बाळ जन्मल्यावर थेंबांची आठवण ठेवायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

ता. क. – राहून गेलेल्या चार गोळ्या आज एकदम घेऊ नका. एकच घ्या.